जुन्या पद्धतीचा चहा घरच्या गॅसवर: आधण, पत्ती, झाकण आणि थोडी कळ

गिरगावच्या चाळीत आमची आजी चहा करायची तेव्हा आम्हा पोरांना एकच सक्त ताकीद असायची, झाकण उघडायचं नाही. रॉकेलच्या स्टोवर आधण यायचं, त्यात साखर, साखर विरघळली की पत्ती, आणि पत्ती पडली रे पडली की पातेलं खाली शहाबादी फरशीवर, वर झाकण, झाकणावर घडी घातलेलं फडकं. दूध शेजारी वेगळं तापलेलं असायचं. पाच मिनिटांनी ती झाकण काढायची आणि तेव्हा जो वास खोलीभर पसरायचा तो नंतर कित्येक वर्षं मला कुठल्याच चहाला आला नाही. कारण मी पण सगळ्यांसारखं पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं एकदम पातेल्यात टाकून, गॅस फुल करून, उतू जायच्या आत बंद करायला शिकले, सकाळची लोकल पकडायची तर दुसरं काय करणार.

गेली दोन वर्षं मात्र रविवारी सकाळी मी ठरवून एकेक जुनी पद्धत घरी करून बघतेय. गोरेगावचा साधा फ्लॅट, दोन बर्नरची शेगडी, वेगळं काही नाही. आणि एवढं करून माझं एक मत पक्कं झालंय. ह्या पद्धती एकमेकींपासून कितीही लांबच्या असल्या तरी एका बाबतीत सगळ्या सारख्याच कडक आहेत, पत्ती पाण्यात किती वेळ राहणार आणि खाली आच किती असणार हे त्यांनी ठरवून टाकलंय. चहा तिथेच बनतो नि तिथेच बिघडतो. भांडं, मसाला, महागाची पत्ती हे सगळं त्याच्यानंतर. म्हणून खाली मी सगळीकडे वेळ आणि आच लिहिलीये, ती पाळा, गोड-कडक आपापल्या जिभेप्रमाणे करा.

आधी पत्ती आणि पाणी

आपण रोज वापरतो ती दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल). १९३० च्या दशकात आसाममधे हे मशीन आलं, दातेरी रोलरमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याची बारीक गोळी वळायची. पान एवढं फाटल्यामुळे ते दोन मिनिटांत गडद रंग सोडतं आणि दुधाला पुरून उरतं. त्याच्याआधी चहा म्हणजे वळलेलं पान, नाहीतर दाबून केलेली वडी. हे एकदा लक्षात आलं की निम्मे घोळ सुटतात, कारण जी पद्धत लांब पानासाठी बनलीये ती दाणेदार पत्तीवर केली की चहा कडूजहर होतो आणि आपण म्हणतो पद्धतच वाईट. उलटही खरंच, नाजूक दार्जिलिंग घेऊन ते आल्याबरोबर दहा मिनिटं उकळलं तर पैसे पाण्यात.

तर दोन पत्त्या घरात ठेवा. एक तुमची रोजची सीटीसी, आणि एक ऑर्थोडॉक्स, म्हणजे लांब पानाची, आसाम किंवा दार्जिलिंग. दादर, गिरगाव, पार्ला, मुलुंड, कुठेही सुटी चहा पावडर वजनावर विकणारं एखादं जुनं दुकान असतंच, तिथे शंभर ग्रॅम मागा, वास घेऊ देतात. हिरव्या चहाच्या दोन पद्धती खाली आहेत, त्यासाठी सुटा अख्ख्या पानाचा ग्रीन टी लागेल, बॅगवाला चालणार नाही.

चमच्याचा भरवसा धरू नका. चमचाभर सीटीसी वजनाला जड असते आणि चमचाभर लांब पान फुलासारखं हलकं, त्यामुळे 'कपाला एक चमचा' हे माप पत्ती बदलली की बदलतं. किचनचा छोटा वजनकाटा असेल तर बेस्ट, नसेल तर लांब पान शिगोशिग भरून दीड चमचा घ्या.

पाण्याचं म्हणाल तर ह्या बाबतीत आपण मुंबईकर नशीबवान आहोत. तानसा, वैतरणा, भातसा, सगळं तलावाचं म्हणजे मुळात पावसाचं पाणी, मऊ. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात केलेला चहा आणि नळाच्या पाण्यातला चहा शेजारी ठेवून बघा, बोअरवाल्यावर पातळ तवंग धरतो आणि रंग मळकट दिसतो. पावसाळ्यात नळाला औषधाचा वास येतो तेव्हा पाणी झाकण न ठेवता दोन मिनिटं जास्त उकळू द्या, वास निघून जातो. आणि लोखंडी भांडं अजिबात नको, पत्तीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की चहा शाईसारखा काळा पडतो.

आजीचा, मुरवलेला

सगळ्यात सोपी आणि सुरुवात इथूनच करा. दोन कपांसाठी दीड कप पाणी, ५ ग्रॅम लांब पानाची पत्ती, दोन चमचे साखर, अर्धा कप दूध.

दूध दुसऱ्या बर्नरवर मंद तापत ठेवा. पाण्याला खळखळून आधण येऊ द्या, नुसती वाफ दिसली म्हणून घाई करू नका. साखर घाला, विरघळली की पत्ती घाला, चमच्याने एकदाच खाली दाबा म्हणजे सगळी भिजेल, आणि गॅस बंद. बंद म्हणजे बंद, मंद नाही. झाकण ठेवा, वर जाड फडकं टाका, घड्याळ लावा. चार मिनिटं. दाणेदार पत्ती असेल तर पत्ती थोडी कमी घ्या आणि अडीच मिनिटंच ठेवा. मग गाळा आणि वरून गरम दूध ओता. गाळताना चोथा चमच्याने पिळू नका, ही सवय सगळ्यांनाच असते, शेवटचे दोन थेंब काढायला जातो आणि तेच दोन थेंब सगळ्यात तुरट असतात.

पहिल्यांदा रंग फिका वाटेल. घरातले म्हणतील हे काय फुळकवणी केलंय. एक घोट प्या मग बोला म्हणावं, कारण उकळून जो कडवटपणा येतो त्यालाच आपण 'कडक' समजायला लागलोय. मुरलेल्या चहात पत्तीचा स्वतःचा वास पहिल्यांदा कळतो, थोडा मधासारखा, थोडा वाळलेल्या गवतासारखा.

गवती चहा घालायचा असेल तर तीन-चार पाती धुऊन, हातानेच पिळा देऊन, गाठ मारून गार पाण्यातच टाका, आधणाबरोबर तो उतरतो. आलंही पाण्यातच, कधीच थेट दुधात नाही. ताज्या आल्यात दूध फाडणारा एक घटक असतो, तो उकळला की निष्प्रभ होतो. म्हणून किसलेलं आलं पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळलं की दूध नासायचं टेन्शन संपलं. गुळाच्या चहालाही असाच नियम, गूळ पाण्यात विरघळवा, गाळा, आणि गॅसवरून उतरवल्यावरच गरम दूध मिसळा, पुन्हा उकळायला गेलात तर फाटायची भीती.

गंमत म्हणजे आजीची ही पद्धत काही आपल्या पणज्यांनी शोधलेली नाही. ब्रिटिश काळात, १९०३ मधे चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, पुढे रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या, चहा कसा करावा त्याच्या चित्रासकट. त्यात मुरवलेलाच चहा शिकवायचे, दूध-साखर नंतर. टपरीवाल्यांनी पत्ती कमी, दूध जास्त, आलं-वेलची भरपूर असं आपलं स्वतःचं गणित बसवलं आणि ते त्या प्रचारकांना अजिबात आवडायचं नाही. दोन्ही टिकले, एक चाळीतल्या स्वयंपाकघरात, दुसरा रस्त्यावर.

किटली

ह्याच पद्धतीची साहेबी बहीण. चिनीमातीची किटली आधी गरम पाण्याने खळखळून घ्या (थंड किटलीत आधण ओतलं की ते लगेच निवतं आणि पत्ती उमलतच नाही), पाणी फेका, कपामागे अडीच ग्रॅम दार्जिलिंग, आधण थांबल्यावर अर्धं मिनिट थांबून पाणी ओता, तीन मिनिटं, वर टी-कोझी नसेल तर लोकरी टोपी सुद्धा चालते. दूध घालूच नका. ह्याला फार काही सांगण्यासारखं नाही, फक्त तीन मिनिटांनी सगळाच्या सगळा चहा ओतून संपवा, किटलीत पत्तीवर तसाच ठेवला तर दुसरा कप पिण्यालायक राहत नाही.

पितळी पातेलं, आणि आधी कल्हई

पुण्यातल्या अमृततुल्यवाल्यांचा चहा तुम्ही प्यायला असाल तर ते चकचकीत पितळी पातेलं, शेजारचा छोटा खलबत्ता आणि गाळायचं फडकं आठवत असेल. मला घरी तेच करायचं होतं, म्हणून आईच्या माळ्यावरचं दीड लिटरचं पितळी पातेलं काढलं. आतून पिवळं धमक झालेलं, म्हणजे कल्हई (आतला कथलाचा, म्हणजे टिनचा, पातळ थर) गेलेली. असल्या भांड्यात चहा करू नका, दूध-साखर उकळताना पितळ उतरतं.

कल्हईवाले मुंबईत कमी झालेत पण संपलेले नाहीत. भुलेश्वर, पायधुनीजवळचा तांबाकाटा ह्या भांड्यांच्या बाजारात विचारलं तर पत्ता लागतो, काही ठिकाणी अजून सोसायटीत फेरी मारणारे येतात. जमलं तर समोर उभं राहून करून घ्या, बघण्यासारखं असतं. भांडं भट्टीवर तापवतात, आत नवसागराची भुकटी टाकतात, भसकन पांढरा धूर निघतो, त्यावर कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी वितळते आणि कापसाच्या बोळ्याने ती चार-पाच सेकंदात आतून गोल गोल फिरवतात. पिवळं भांडं डोळ्यांदेखत चांदीचं होतं. मग पाण्यात बुडवतात, चर्र आवाज, झालं. दोन गोष्टी बघा. कथील शुद्धच हवं, शिसं मिसळलेलं चालत नाही, हे आधीच स्पष्ट विचारा. आणि आतून एकसारखी चमक हवी, कुठे पिवळा ठिपका राहिला तर तिथल्या तिथे परत करून घ्या.

कल्हई झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रिकामं पातेलं गॅसवर ठेवून दार उघडायला गेले. कुरियरवाला होता, दोन मिनिटंच लागली असतील. परत आले तर तळाशी कल्हईचे गोळे झालेले आणि मधे पितळ उघडं. कथील २३२ अंशाला वितळतं, पाणी असेपर्यंत भांडं १०० च्या आसपासच राहतं म्हणून काही होत नाही, पण रिकामं भांडं बघता बघता तेवढं तापतं. त्यामुळे आधी पाणी, मग गॅस, हा क्रम हातात बसवून घ्या. घासायला तारेची घासणी नको, आत लिंबू-चिंच नको, ढवळायला लाकडी डाव.

आता चहा. तीन कपांसाठी दोन कप म्हशीचं दूध, सव्वा कप पाणी, तीन चमचे सीटीसी, साडेतीन-चार चमचे साखर, बोटाच्या पेराएवढं आलं, तीन वेलच्या. आलं-वेलची खलबत्त्यात ऐनवेळी कुटा, आधी कुटून ठेवलेली नको. पाणी, साखर आणि आलं आधी उकळा, मग पत्ती, एक मिनिटाने दूध. आणि आता मध्यम आचेवर पातेल्याजवळून हलायचं नाही, डावाने चहा वर उचलायचा आणि फूटभर उंचीवरून परत सोडायचा, सतत, सहा-सात मिनिटं. इथे पत्ती मुरत नाही, उकळते, हे खरंय, पण त्या उचलण्या-सोडण्यामुळे चहा सारखा वर येऊन खाली बसतो, भसाभसा उकळत राहत नाही आणि दुधाची साय धरत नाही. वेलची शेवटच्या अर्ध्या मिनिटात.

गाळायला स्टीलची गाळणी वापरू नका, मलमलचं फडकं घ्या. जाळीतून जी बारीक पूड खाली उतरते आणि कपाच्या तळाशी चिखलासारखी बसते ती फडक्यात अडकते, चहा एकदम रेशमी लागतो. नवं फडकं दोन-तीनदा नुसत्या उकळत्या पाण्यात काढा, नाहीतर पहिल्या चहाला खळीचा वास येतो. ते वापरून वापरून तपकिरी होणार, होऊ दे.

इराण्याचा, पानी कम

धोबीतलावचं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ पासून आहे, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ मधे सुरू झालेलं. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का (कडक पावाला लोणी) आणि 'पानी कम चाय', म्हणजे पाणी कमी, दूध जास्त. हा चहा घरी का जमत नाही असं मला फार वर्षं वाटायचं, आणि उत्तर अगदी साधं निघालं, आपण एका भांड्यात करतो आणि हा दोन भांड्यांचा चहा आहे. काळा अर्क वेगळा, आटवलेलं दूध वेगळं, दोघांची भेट थेट कपात.

चार छोट्या कपांसाठी असं करा:

१. जाड बुडाच्या पातेल्यात दोन कप पाणी, पाच चमचे सीटीसी (बारीक डस्ट असेल तर चार), दोन चमचे साखर. एक उकळी येऊ द्या.

२. गॅस एकदम बारीक करा, घट्ट बसणारं झाकण ठेवा आणि कणकेची वळी करून कडेने लावून टाका. कणीक लावायची ही हैदराबादी दमाची रीत आहे, पण घरचं झाकण सैल असतं आणि वाफेबरोबर सगळा वास उडून जातो म्हणून मी ती उचलली. आच बारीकच हवी, वाफ फार झाली तर कणीक स्वतःच फुटून वाट करून देते. कुकरचं झाकण मात्र लावू नका.

३. वीस मिनिटं तशीच. खाली तवा ठेवला तर अजून छान.

४. तेवढ्यात दुसऱ्या बर्नरवर अर्धा लिटर फुल क्रीम दूध आटवायला घ्या, ढवळत, कडेची साय परत आत लोटत, साधारण दोन तृतीयांश होईपर्यंत. त्यात चमचाभर साखर आणि हवं तर एक चमचा खवा.

५. कणीक फोडा. अर्क गाळा. कपात आधी एक भाग अर्क, त्यावर दोन भाग दूध.

म्हणजे पत्ती वीस मिनिटं पाण्यात राहूनही चहा कडू का होत नाही? होतो की, नुसता अर्क चाखून बघा, तोंड आक्रसतं. पण दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तो तुरटपणा धरून ठेवतं आणि आटवल्यामुळे दूध इतकं दाट असतं की उरतो फक्त जाडपणा आणि एक कॅरॅमलसारखी गोडी. म्हणून इथे दूध आटवायचा कंटाळा केला की सगळंच फसतं, टोन्ड दुधात तर करूच नका. आलं-वेलची काही नाही. बरोबर खारी किंवा ब्रून, लोणी सढळ हाताने.

अर्क उरला तर बाटलीत भरून फ्रीजमधे दोन दिवस टिकतो, संध्याकाळी पाहुणे आले की नुसतं दूध गरम करायचं.

पारशी घरांमधली 'चोय' ह्याच्या अगदी उलट, हलकी. पाण्यात मूठभर पुदिना आणि गवती चहा (ते त्याला लीली चाय म्हणतात) तीन मिनिटं उकळायचा, गॅस बंद, मग पत्ती, झाकून तीन मिनिटं, दूध वरून. पावसाळ्यातल्या सकाळी माझा सगळ्यात आवडता हाच.

बाराशे वर्षांपूर्वीचा, मिठाचा

आठव्या शतकात, थांग राजवटीच्या काळात चीनमधे लू यू नावाच्या माणसाने चहावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात पाणी कसं उकळावं ह्याचं जे वर्णन आहे ते वाचल्यापासून मी रोजचं आधणसुद्धा वेगळ्या नजरेने बघते. तेव्हा चहाच्या दाबलेल्या वड्या असायच्या, त्या भाजायच्या, कुटायच्या, चाळायच्या आणि ती पूड उकळत्या पाण्यात. वडी आपल्याकडे नाही, पण अख्ख्या पानाच्या ग्रीन टीवर जवळपास जाता येतं.

६ ग्रॅम पान मंद तव्यावर दोन मिनिटं शेका, करपवू नका, भाजल्या तांदळासारखा वास आला की उतरवा. गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक करा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा.

आता रुंद तोंडाच्या भांड्यात तीन कप पाणी ठेवा आणि खरंच उभं राहून बघा. आधी तळाला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटून वर येतात, माशाच्या डोळ्याएवढे, आणि हलकासा सूं आवाज येतो. ही पहिली उकळी. इथे दोन चिमटी मीठ. मग कडेकडेने बुडबुड्यांच्या माळा वर चढायला लागतात, मोत्याच्या सरीसारख्या, मधलं पाणी अजून शांत असतं. ही दुसरी. इथे एक डावभर पाणी काढून बाजूला ठेवायचं, चमच्याने मधोमध गरगर फिरवून भोवरा करायचा आणि त्या भोवऱ्यात चहाची पूड सोडायची. काही सेकंदांतच पाणी लाटांसारखं उसळतं, ही तिसरी, लगेच ते काढून ठेवलेलं पाणी परत ओता आणि गॅस बंद. उसळी बसते आणि वर फिकट हिरवा फेस राहतो. लू यूच्या मते तो फेस हेच चहाचं सौंदर्य, म्हणून वाट्यांमधे ओतताना तो सगळ्यांना सारखा वाटायचा. ह्याच्यापुढे उकळलेलं पाणी 'म्हातारं' झालं, पिऊ नये, असं तो म्हणतो.

चव? पहिला घोट सूपसारखा, पालेभाजीच्या पाण्याकडे झुकणारा, मग मागून गोडी येते. मीठ खारट लागत नाही, फक्त कडूपणा खाली दाबतं. माझ्या मुलाला अजिबात आवडला नाही, सासूबाईंनी मात्र वाटी पुढे करून परत मागितला. जाता जाता एक सांगते, आलं, पुदिना वगैरे घालून उकळलेल्या चहाला लू यू गटारात टाकायचं पाणी म्हणतो, आणि पाण्यात सगळ्यात चांगलं डोंगरातलं, मग नदीचं, शेवटी विहिरीचं. पाण्याचं मला पटतं, आल्याचं नाही.

पुढे १३९१ मधे मिंग सम्राटाने वड्यांचा नजराणा बंद केला आणि सुट्या पानाचं चलन वाढलं. सुटं पान मुरवायची ती पद्धत घरी करायची तर झाकणाची छोटी वाटी पुरते, १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पान, वीस सेकंद, ओता, परत पाणी, परत वीस-पंचवीस सेकंद, असे एकाच पानाचे पाच-सहा हात निघतात आणि प्रत्येक हाताला चव वेगळी.

काश्मीरचा नून चाय

ह्याला वेळ काढा, पाऊण तास तरी. नून म्हणजे मीठ. अडीच कप पाण्यात चार चमचे हिरवी पत्ती आणि पाव चमचा खाण्याचा सोडा, ह्याहून जास्त नको, साबणासारखं लागतं. मध्यम आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळा. सोड्यामुळे पत्ती गडद तपकिरी-लाल रंग सोडायला लागते. आता एक कप बर्फाचं गार पाणी एकदम ओता आणि डावाने उंचावरून पाच-सात मिनिटं वर-खाली करत राहा, हात भरून येतो पण थांबू नका, हवा मिसळली की रंग तपकिरीवरून माणकासारखा लाल होतो. परत दहा मिनिटं उकळा आणि गाळा. आता जेवढा अर्क तेवढंच गरम दूध, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर वेलची. दूध पडताच भांड्यात गुलाबी रंग उमलतो. तपकिरीच राहिला तर वर-खाली करणं कमी पडलं किंवा पत्ती काळी होती, काळ्या पत्तीला हा रंग येतच नाही. मीठ आणि सोडा दोन्ही असल्याने ज्यांना बीपी आहे त्यांनी अर्ध्या कपावर थांबावं.

आवरताना

फडकं लगेच गार पाण्यात खळबळून उन्हात टाका, साबण लावू नका, पुढच्या चहाला वास राहतो. दमट हवेत ते आत टांगलं तर दोन दिवसात कुबट होतं, त्यामुळे पावसाळ्यात फ्रीजच्या मागे किंवा इस्त्री फिरवून वाळवा. पितळी पातेलं बाहेरून चिंच-मिठाने, आतून फक्त मऊ स्पंज, आणि पुसून कोरडं करूनच ठेवा. किटलीला आतून तपकिरी किटण धरलं तर रात्रभर सोड्याचं पाणी भरून ठेवा, सकाळी हाताने निघतं. उरलेला चोथा तुळशीला घालायचा असेल तर आधी दोन-तीन पाण्याने धुऊन घ्या, साखर-दूध राहिलं तर कुंडीला मुंग्या लागतात, आणि नून चायचा चोथा मात्र घालू नका, त्यातल्या सोड्याने माती खराब होते.